फौजदारी न्यायाचे महाविद्यालयीन शिक्षण

फौजदारी न्यायाचे महाविद्यालयीन शिक्षण म्हणजे गुन्हा, तपास, खटला, शिक्षा आणि शिक्षेनंतरचे पुनर्वसन या सर्व टप्प्यांचा पदवी किंवा पदव्युत्तर स्तरावर केलेला अभ्यास होय. अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र पदवी सर्वत्र मिळते. भारतात काही मोजकी विद्यापीठे वगळता हा विषय विधी, समाजकार्य, न्यायसहायक विज्ञान, न्यायवैद्यक आणि गुन्हेगारीशास्त्र अशा निरनिराळ्या विद्याशाखांत विभागलेला आहे. त्यामुळे वकील होणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेची ओळख नसते, प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला साक्षीपुराव्याचे नियम अपुरे ठाऊक असतात आणि तुरुंगाचा विचार या दोघांच्याही अभ्यासक्रमात सहसा शेवटच्या प्रकरणात येतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांचा या विषयाशी असलेला संबंध विशेष आहे. भारतातील जवळजवळ प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवला जाणारा ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात सुरू झाला. कोळशाच्या खाणी, वनहक्क, दारूबंदी आणि न्यायालयाच्या भाषेहून निराळी असलेली साक्षीदारांची भाषा हे प्रश्नही येथे रोजच्या व्यवहारात भेटतात.

संज्ञा व व्याप्ती

‘फौजदारी’ हा शब्द ‘फौजदार’ या फारसी शब्दावरून आला. मोगल काळात फौजदार हा आपल्या प्रदेशातील बंदोबस्त पाहणारा अधिकारी होता. दिवाणाकडे महसुलाचा कारभार असे. त्यातूनच ‘फौजदारी’ आणि ‘दिवाणी’ ही आजही चालणारी विभागणी झाली. ग्रामीण महाराष्ट्रात पोलीस उपनिरीक्षकाला अजूनही फौजदार म्हणतात.

विधी शाखा कोणते कृत्य गुन्हा ठरते आणि तो कोणत्या पद्धतीने सिद्ध करायचा हे शिकवते. गुन्हेगारीशास्त्र (गुन्हाशास्त्र) माणसे गुन्हा का करतात आणि समाज विशिष्ट कृत्यांनाच गुन्हा का ठरवतो, हे तपासते. दंडशास्त्रात शिक्षेचा व तुरुंगाचा, तर पीडितशास्त्रात गुन्ह्याची झळ पोचलेल्या व्यक्तीचा विचार होतो. न्यायसहायक विज्ञान रक्त, विष, हस्ताक्षर, बोटांचे ठसे, बंदुकीची गोळी यांसारख्या भौतिक पुराव्याचे विश्लेषण करते. न्यायवैद्यक ही त्याहून वेगळी, वैद्यकशास्त्राची शाखा असून शवविच्छेदन व जखमींची तपासणी तिच्यात मोडते. या दोन संज्ञांची वृत्तपत्रांत वारंवार गल्लत होते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत या शिक्षणाची सुरुवात पोलिसांपासून झाली. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये आपल्या शिपायांसाठी शाळा काढली आणि पुढे हा विषय विद्यापीठात नेला. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने पोलीस, न्यायालय व तुरुंग यांचा एकच व्यवस्था म्हणून विचार मांडला. त्यानंतर संघराज्य सरकारने पोलिसांच्या शिक्षणासाठी मोठे अनुदान दिले आणि फौजदारी न्यायाचे विभाग झपाट्याने वाढले. तेथील पदवीवर पोलीसकामाची छाप आजही आहे.

भारतात मात्र प्रारंभ न्यायालयापासून झाला. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे महाविद्यालय १९२४ मध्ये आणि नागपूर विद्यापीठाचे विधी महाविद्यालय १९२५ मध्ये सुरू झाले. या ठिकाणी भारतीय दंड संहिता आणि पुरावा कायदा शिकवला जाई, गुन्हेगार आणि तुरुंग शिकवला जात नसे. ती बाजू समाजकार्याच्या शिक्षणाने उचलली. मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य संस्थेत (आजची टाटा समाजविज्ञान संस्था) गुन्हेगारी व सुधारगृहे या विषयाला लवकरच स्थान मिळाले. याच संस्थेने १९९० मध्ये सुरू केलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प पोलीस ठाण्यांत व तुरुंगांत समाजकार्यकर्ते पाठवतो. भारतीय तुरुंगांतील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी अद्याप दोषी ठरलेले नसतात, कच्चे कैदी असतात. ही गोष्ट विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा अशा कामात अधिक स्पष्ट दिसते.

गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान यांचा एकत्रित विद्यापीठीय विभाग १९५९ मध्ये सागर येथे निघाला. त्या विद्यापीठाचे संस्थापक हरिसिंह गौर हे नागपूरचे नामवंत वकील आणि दंड संहितेचे भाष्यकार होते. चांदा जिल्हा (आजचे चंद्रपूर व गडचिरोली) त्या काळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होता. म्हणजे या विषयाची एक जुनी वाट विदर्भातून गेलेली आहे. पुढे १९७२ मध्ये दिल्लीत गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाची राष्ट्रीय संस्था निघाली आणि २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले. त्याच्या नागपूर परिसराची पायाभरणी २०२५ मध्ये झाली.

महाराष्ट्रातील अभ्यासक्रम

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम ही सर्वांत रुळलेली वाट आहे. प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेने होतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी (महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर) देशपातळीवरील वेगळी परीक्षा असते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार दंड कायदा, फौजदारी प्रक्रिया व पुरावा हे विषय अनिवार्य आहेत. शिवाय अभिरूप न्यायालय, मसुदालेखन, व्यावसायिक नीती आणि पर्यायी तंटानिवारण असे चार प्रात्यक्षिक विषय घ्यावे लागतात. चंद्रपूर येथे शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी नागपूर, मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाची एक प्रयोगशाळा चंद्रपूर येथेही आहे. या शाखेकडे वळणाऱ्याने दूरचित्रवाणीवरील मालिका विसराव्यात. प्रत्यक्षातले काम बरेचसे रसायनशास्त्राचे असते. व्हिसेराच्या बाटल्या, मोहरा व नोंदवह्या यांत दिवस जातो आणि मोहर तुटलेली आढळली तर उत्तम विश्लेषणही न्यायालयात टिकत नाही.

महाविद्यालयांतील विधी साहाय्य केंद्रे हा शिक्षणाचा उपेक्षित पण मोलाचा भाग आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार गरजूंना मोफत वकील मिळतो. विद्यार्थी न्यायालयात उभा राहू शकत नाही, परंतु अर्ज लिहून देणे, तालुका विधी सेवा समितीकडे प्रकरण पोचवणे आणि तुरुंगातील बंद्याच्या जामिनाची कागदपत्रे जुळवणे ही कामे तो करू शकतो. काही महाविद्यालयांत ही केंद्रे नावापुरती उरली आहेत.

देसाईगंज खटला आणि विधिशिक्षण

२६ मार्च १९७२ रोजी देसाईगंज (वडसा) पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीच्या भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली. त्या काळी देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. रात्री जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवून मुलीला ठाण्यातच थांबवण्यात आले. ठाण्यातील शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि हवालदाराने विनयभंग केला, असे तिने बाहेर आल्यावर सांगितले. ठाण्यासमोर लोक जमले आणि त्यानंतर तिची तक्रार नोंदली गेली. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री, सुमारे वीस तासांनी झाली. तिचे वय १४ ते १६ वर्षे असावे, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

हा खटला पुढे त्या मुलीच्या नावानेच देशभर ओळखला गेला. पीडितेची ओळख उघड करणे १९८३ मध्ये गुन्हा ठरले आणि आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. १९७२ मध्ये असे संरक्षण नव्हते, म्हणून तिचे नाव निकालपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत कायमचे राहिले. प्रस्तुत लेखात खटल्याचे अधिकृत शीर्षकच वापरले आहे.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलीला आधीपासून शरीरसंबंधाची सवय होती आणि झाला असेल तो संबंध संमतीने झाला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, अशी मांडणी करून खंडपीठाने शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी तीही रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती होती, असे त्या निकालाचे तर्कशास्त्र होते.

या निकालाला पहिले मोठे आव्हान विधीच्या अध्यापकांनी दिले, हे येथे महत्त्वाचे. दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी, लतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला भेद न्यायालयाने का पाहिला नाही, हा पत्रातला मुख्य प्रश्न होता. मुलगी अल्पवयीन व गरीब होती, रात्रीची वेळ होती, ठाण्याची दारे बंद होती आणि समोर वर्दीतले पुरुष होते. अशा परिस्थितीचा विचार न करता केवळ जखमा मोजणे कायद्याला धरून कसे, असे त्यांनी विचारले. चौकशीसाठी स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलावणे कायद्याविरुद्ध आहे, असे याच न्यायालयाने नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ मध्येच म्हटले होते. त्याची आठवणही पत्राने करून दिली. वसुधा धागमवार यांनी पुढे दिल्लीत कायदेविषयक साक्षरतेचे काम करणारी ‘मार्ग’ ही संस्था स्थापन केली.

पत्र सरन्यायाधीशांना उद्देशून असले, तरी ते ज्या भाषेत लिहिले होते ती वर्गातली होती. निकालपत्र हातात घ्यायचे, कलम वाचायचे आणि न्यायाधीशाने ज्या पायरीवर उडी मारली ती दाखवायची, हीच विधिशिक्षणाची रीत आहे. सामान्य विद्यार्थी ती न्यायाधीशाचे अनुकरण करण्यासाठी शिकतो. या चौघांनी ती न्यायाधीशाला प्रश्न विचारण्यासाठी वापरली. पत्र प्रसिद्ध झाल्यावर १९८० मध्ये मुंबई, नागपूर, दिल्ली अशा अनेक शहरांत स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. पुनर्विलोकनाची मागणी फळाला आली नाही, पण विधी आयोगाने १९८० मध्ये बलात्कारविषयक कायद्यावर आपला ८४ वा अहवाल दिला आणि संसदेने १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली.

त्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा झाला आणि खटला बंद दाराआड चालवण्याची तरतूद आली. पुरावा कायद्यात कलम ११४-अ घालण्यात आले. कोठडीत शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे हे कलम सांगते. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १२० आहे. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे मात्र कायद्याच्या मजकुरात यायला २०१३ ची दुरुस्ती व्हावी लागली. पीडितेचे चारित्र्य काढून तिची साक्ष खोडण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील पोटकलम २००२ च्या दुरुस्तीने गेले.

या खटल्याकडे वैद्यकशिक्षणाच्या अंगानेही पाहावे लागते, आणि ते विधीच्या वर्गात क्वचित घडते. रासायनिक विश्लेषणात मुलीच्या आणि एका आरोपीच्या कपड्यांवर वीर्याचे अंश आढळले होते, शरीरातून घेतलेल्या नमुन्यांत ते आढळले नाहीत. तपासणीला लागलेल्या वीस तासांचा या फरकाशी काय संबंध, हा प्रश्न न्यायसहायक विज्ञानाचा विद्यार्थी आधी विचारेल. ‘सवय होती’ हा सत्र न्यायालयाचा शेरा ज्या प्रकारच्या तपासणीवर उभा होता, ती ‘दोन बोटांची चाचणी’ वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत अनेक दशके शिकवली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. २०२२ मध्ये झारखंडच्या एका खटल्यात ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असे सांगून न्यायालयाने वैद्यकीय अभ्यासक्रम तपासण्याचा आदेश दिला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या चाचणीविरुद्ध दीर्घ काळ पाठपुरावा केला. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये कौमार्याच्या खुणांविषयीचा भाग अभ्यासक्रमातून वगळला. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद न्यायालयात जाऊन एखाद्या मुलीविरुद्ध साक्ष देऊ शकतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

वनजिल्ह्यांतील अभ्यासविषय

माजरी हे भद्रावती तालुक्यातील कोळसा खाणींचे गाव दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरील जंक्शन आहे. येथून वणीकडे फाटा जातो. कायद्याची हद्द कशी बदलते हे समजण्यासाठी या गावातील कोळशाचा एक ढेकूळ पुरेसा आहे. तो खाणीतून चोरला तर दंड कायद्यातील चोरी होते, शिवाय खाण व खनिज अधिनियम, १९५७ लागू होऊ शकतो. त्या अधिनियमाखालील कारवाईसाठी अधिकृत अधिकाऱ्याची तक्रार लागते, तरी चोरीचा गुन्हा पोलीस स्वतंत्रपणे नोंदवू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वाळूच्या एका प्रकरणात ठरवले. तोच ढेकूळ वॅगनमध्ये पडल्यावर रेल्वेच्या ताब्यातील माल ठरतो. मग रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, १९६६ येतो आणि चौकशी रेल्वे सुरक्षा दल करते. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र या कायद्याखाली चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा दलाचा अधिकारी त्या अर्थाने पोलीस नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने बाळकिशन देवीदयाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८० च्या निकालात म्हटले. परिणामी, कोळसा उचलणाऱ्या माणसाने काय बोलावे आणि काय बोलू नये हे तो रुळाच्या कोणत्या बाजूला सापडला यावर ठरू शकते.

दारूबंदीचे उदाहरण याहून सोपे आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत माजरीला जी बाटली जवळ बाळगणे गुन्हा होता, ती वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणीला दुकानात मिळत होती. गुन्हेगारीशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आकडेवारी वाचण्याचा धडा आहे. बंदी येताच दारूविषयक गुन्हे वाढलेले दिसतात आणि उठताच घटलेले दिसतात. पण ही संख्या पिणाऱ्यांची नसून पोलिसांनी नोंदवलेल्या प्रकरणांची असते. चोरीची तक्रार घेऊन फिर्यादी ठाण्यात येतो. दारूच्या गुन्ह्याला फिर्यादी नसतो, त्यामुळे छापे किती पडले त्यावर आकडा ठरतो. बंदीच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे लोक एकच तक्ता दाखवून उलट निष्कर्ष काढतात, ते यामुळेच.

जंगलाचा कायदा हा तर या भागाचा मुख्य विषय असायला हवा. विधीच्या अनिवार्य विषयांत त्याला स्वतंत्र जागा नाही, पर्यावरण कायद्यात तो ओझरता येऊन जातो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६९ प्रमाणे वनोपज सरकारी मालकीची आहे की नाही असा प्रश्न उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारी मानली जाते. म्हणजे मोळी आपली आहे हे मोळी नेणाऱ्याने दाखवायचे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्येही प्राण्यांच्या अवयवांच्या ताब्याबाबत असेच गृहीतक आहे. कलम ११४-अ शिकताना ‘आरोपीवर पुराव्याचा भार टाकणारी अपवादात्मक तरतूद’ असे सांगितले जाते. वनजिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला तो अपवाद तितका अपवादात्मक वाटू नये. कोठडीतल्या स्त्रीच्या बाजूचे गृहीतक येण्यापूर्वी अर्धे शतकाहून अधिक काळ जंगलातल्या माणसाविरुद्धचे गृहीतक कायद्यात होते.

वनहक्क अधिनियम, २००६ ने हे चित्र काही अंशी बदलले. त्या कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्टपणे गणला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच होता आणि परवान्यावाचून नेलेला बांबू जप्तीस पात्र होता. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कालपर्यंतचा वनगुन्हा गावाचा व्यापार झाला. कृत्य तेच होते, जंगलही तेच होते.

भाषेचा प्रश्नही राहतोच. गडचिरोलीच्या दक्षिण भागात अनेक साक्षीदार गोंडी किंवा माडिया बोलतात, जबाब मराठीत लिहिला जातो आणि वरच्या न्यायालयातले निकालपत्र इंग्रजीत येते. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजावून सांगितली पाहिजे, अशी तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे. तपासात लिहिलेल्या जबाबाला मात्र ते संरक्षण तितके मिळत नाही. उलटतपासणीत ‘जबाबात असे का लिहिले आहे’ या प्रश्नावर गोंधळणारा साक्षीदार बऱ्याचदा खोटे बोलत नसतो, त्याच्यासमोर दुभाष्याचे वाक्य ठेवलेले असते. मराठी व गोंडी दोन्ही भाषा येणाऱ्या विधी पदवीधराला येथे खरोखर काम आहे.

२०२४ नंतरचा अभ्यासक्रम

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. कलमांची संख्या दंड कायद्यात ५११ वरून ३५८ झाली. प्रक्रियेत ती ४८४ वरून ५३१, तर पुराव्यात १६७ वरून १७० झाली. विधिज्ञ परिषदेने २०२४–२५ या शैक्षणिक वर्षापासून नवे कायदे अभ्यासक्रमात घेण्यास सांगितले.

तरी जुनी पुस्तके रद्दीत घालण्याची वेळ आलेली नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागू होते आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्या प्रक्रियेने चालतात. असे खटले आणि त्यांची अपिले पुढील अनेक वर्षे संपणार नाहीत. म्हणून आजच्या विद्यार्थ्याला खून म्हणजे ३०२ आणि १०३, चोरी म्हणजे ३७९ आणि ३०३ अशी दोन्ही कलमे लक्षात ठेवावी लागतात. ठकबाजीचे कलम ४२० आता ३१८ मध्ये गेले आहे, परंतु बोली मराठीतला ‘चारशेवीस’ संसदेने बदलेल असे दिसत नाही.

शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक बदल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मधला आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, असे ते सांगते. राज्यांना ही व्यवस्था उभी करण्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. एटापल्ली किंवा भामरागडच्या आतल्या गावात, पावसाळ्यात नाले भरलेले असताना, तज्ज्ञ किती वेळात पोचेल हा या कलमाच्या यशाचा खरा प्रश्न आहे. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही आता आवश्यक झाले आहे. त्यामुळे पंचनामा लिहिणारा शिपाई, पुरावा तपासणारा रसायनशास्त्रज्ञ आणि उलटतपासणी घेणारा वकील या तिघांनाही चित्रफितीची विश्वासार्हता कशी तपासतात हे शिकावे लागेल.

पदवीनंतरच्या वाटा

विधी पदवीधराला वकिली, सहायक सरकारी अभियोक्ता, तसेच दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग) या पदांची परीक्षा या वाटा खुल्या असतात. न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. पोलीस उपनिरीक्षकपदासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यासाठी गुन्हेगारीशास्त्राची पदवी आवश्यक नाही. न्यायसहायक विज्ञानाचे पदवीधर शासकीय प्रयोगशाळांत वैज्ञानिक पदांवर जातात. समाजकार्याचे पदवीधर परिवीक्षा अधिकारी, बालगृहांचे अधीक्षक किंवा तुरुंगात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते होतात. वेतनाच्या दृष्टीने हे शेवटचे क्षेत्र सर्वांत दुबळे आहे आणि माणसांचा तुटवडाही तेथेच सर्वाधिक जाणवतो.